डेस्कटॉप प्रोग्रॅममधील लॉगिन: लायब्ररी सोबत न्यावी की ऑपरेटिंग सिस्टीमचीच वापरावी?

वागळेइस्टेट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमची चार जणांची छोटी कंपनी आहे. महापे, रबाळे आणि तुर्भे या पट्ट्यातल्या औषध व रसायन कारखान्यांच्या प्रयोगशाळांसाठी आम्ही नमुन्यांच्या नोंदी ठेवणारा डेस्कटॉप प्रोग्रॅम तयार करतो. तो सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला आहे. बहुतेक यंत्रे विंडोजची आहेत, काही ठिकाणी मॅक आहेत आणि दोन ग्राहकांकडे लिनक्स आहे. सर्व्हर मात्र सगळीकडे लिनक्सवर चालतो. सकाळी आपल्या यंत्रावर एकदा लॉगिन केल्यावर आमच्या प्रोग्रॅमने पुन्हा पासवर्ड विचारू नये, ही प्रत्येक ग्राहकाची पहिली मागणी असते, आणि सगळ्यांकडे अॅक्टिव्ह डिरेक्टरी (मायक्रोसॉफ्टची वापरकर्त्यांची खाती सांभाळणारी व्यवस्था) असल्यामुळे त्याचा मार्ग कर्बेरॉसमधूनच, म्हणजे पासवर्डऐवजी तिकीट दाखवून ओळख पटवण्याच्या पद्धतीतूनच, जातो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही असे ठरवले की एमआयटीची कर्बेरॉस लायब्ररी तिन्ही प्लॅटफॉर्मसाठी स्वतः बिल्ड करून प्रोग्रॅमसोबतच द्यायची. एकच कोड, एकच चाचणी आणि सगळीकडे एकच वागणूक, असा त्यामागचा विचार होता. कर्बेरॉसच्या पाचव्या आवृत्तीचा प्रोटोकॉल २००५ च्या आरएफसी ४१२० या मानक-दस्तऐवजात नेमका मांडलेला आहे, त्यामुळे लायब्ररी कोणाचीही असली तरी तारेवरून जाणारे बाइट तेच असणार, हे आम्हाला पुरेसे वाटले.

ते पुरेसे नव्हते. विंडोजवर वापरकर्त्याचे मूळ तिकीट एलएसए या सुरक्षा सेवेच्या ताब्यात असते. एमआयटीची लायब्ररी ते तिथून मागून घेऊ शकते, पण ते वापरायचे तर तिकिटाची सेशन की (त्याच्यासोबतची गुप्त किल्ली) सुद्धा हाती यावी लागते. एका ग्राहकाने आपल्या यंत्रांवर क्रेडेन्शियल गार्ड हे विंडोजमधले संरक्षण चालू केले. ते चालू असताना ही की कोणत्याही प्रोग्रॅमला बाहेर दिली जात नाही, आणि ते योग्यच आहे, कारण तिकिटांची चोरी थांबवण्यासाठीच ती सोय केलेली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या एकाही माणसाला आमच्या प्रोग्रॅममध्ये शिरता येईना. घाईघाईत आम्ही एक खिडकी लिहिली, जी डोमेनचा पासवर्ड विचारून आमच्या लायब्ररीकरवी नवे तिकीट मिळवत असे. काम सुरू झाले, ग्राहकही समाधानी झाला. पण त्या दिवसापासून दुसऱ्याच्या संस्थेचे पासवर्ड आमच्या प्रोग्रॅमच्या मेमरीतून जाऊ लागले, आणि त्याची बोचणी मला अजून आहे.

दुसरा प्रसंग नावांचा. एमआयटीची लायब्ररी मूळ सेटिंगमध्ये सर्व्हरच्या नावावरून पत्ता शोधते, त्या पत्त्यावरून उलट नाव शोधते आणि जे नाव हाती येईल त्याचे तिकीट मागते. विंडोजची व्यवस्था मात्र आपण दिलेले नाव जसेच्या तसे घेते. एका कारखान्यात सर्व्हरला टोपणनाव दिलेले होते आणि उलट नोंद जुन्याच यंत्राची राहिली होती. त्यामुळे त्याच यंत्रावरचा ब्राउझर त्याच सर्व्हरवर बिनतक्रार लॉगिन करत होता आणि आमचा प्रोग्रॅम मात्र असा सर्व्हर माहीत नाही असे सांगत होता. कारण सापडायला आम्हाला चार दिवस लागले.

आता पुढच्या आवृत्तीआधी निर्णय घ्यायचा आहे. माझा कल असा आहे की विंडोजवर एसएसपीआय (मायक्रोसॉफ्टचा ओळख पटवण्याचा एपीआय), मॅकवर अॅपलची जीएसएस फ्रेमवर्क आणि लिनक्सवर वितरणासोबत आलेली लायब्ररी वापरावी. माझ्या सहकाऱ्याचे म्हणणे असे की मग एकाच्या जागी तीन कोड सांभाळावे लागतील आणि चार माणसांना ते झेपणार नाही. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

---

घणसोलीकर

तुमचा कल बरोबर आहे असे मला वाटते. सहकाऱ्यांची भीतीही खोटी नाही, पण कोडमध्ये सांधा कुठे घालायचा हे नीट ठरवले तर ती बरीच कमी होते.

एसएसपीआय आणि जीएसएस-एपीआय (अॅपलच्या फ्रेमवर्कमागचे खुले मानक) ही एकाच कल्पनेची दोन रूपे आहेत. जीएसएस-एपीआयची पहिली आरएफसी १९९३ ची, आणि मायक्रोसॉफ्टने त्याच धर्तीवर आपले एसएसपीआय बेतले. फंक्शनांची नावे वेगळी, बफर देण्याघेण्याची पद्धत वेगळी, पण आत चालणारी क्रिया तीच: समोरून आलेले टोकन (ओळखीच्या पुराव्याचे बाइट) आत द्यायचे, बाहेर आलेले टोकन समोर पाठवायचे, आणि पुढे आणखी फेरी हवी की काम झाले एवढे विचारायचे. कर्बेरॉस वापरताना दोन्हींची टोकन तारेवर एकमेकांना समजतात. म्हणजे तुमच्या लिनक्स सर्व्हरला समोरच्या विंडोज यंत्राने कोणती लायब्ररी वापरली हे कळण्याचीही गरज नसते.

म्हणून कर्बेरॉसच्या पातळीवर सांधा घालू नका. तिकीट, कॅश, रेल्म हे शब्द तुमच्या वरच्या कोडमध्ये दिसताच कामा नयेत. सांधा टोकनाच्या पातळीवर घाला: सेवेचे नाव देऊन सुरुवात करणारे एक फंक्शन, बाइट घेऊन बाइट परत देणारे दुसरे, आणि आवरणारे तिसरे. या सांध्याच्या खाली प्रत्येक प्लॅटफॉर्मचा कोड काही शे ओळींच्या पलीकडे जात नाही. मॅक आणि लिनक्स या दोघांकडेही जीएसएस-एपीआयच असल्यामुळे तुमचे तीन कोड खरे तर सव्वादोनच ठरतात.

ही वाट नवी नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या क्लायंट लायब्ररीत विंडोजवर मूळ निवड एसएसपीआयची असते, आणि ज्याला हवे त्याने जोडणीच्या माहितीत जीएसएसची लायब्ररी मागावी अशी सोय ठेवलेली आहे. कर्ल हे डेटा आणण्याचे साधन बिल्ड करताना दोन्हींपैकी एक निवडता येते. दूरच्या यंत्रावर लॉगिन करून देणाऱ्या पुटीने तर हा निर्णय वापरकर्त्याच्याच हाती दिला आहे: एमआयटीची लायब्ररी, मायक्रोसॉफ्टची, किंवा तुम्ही दाखवाल ती तिसरी, यांचा पसंतीक्रम सेटिंगमध्ये वरखाली करता येतो. फायरफॉक्समध्येही याच धर्तीच्या सेटिंग आहेत. जे प्रोग्रॅम सगळीकडे चालायला हवेत त्यांच्या लेखकांनी लायब्ररी सोबत नेण्यापेक्षा सांधा ठेवणे पसंत केले, ही गोष्ट मला बोलकी वाटते.

एक खबरदारी मात्र घ्या. एसएसपीआयमध्ये निगोशिएट हे पॅकेज मागितले तर कर्बेरॉस न जमल्यास ते एनटीएलएम या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या पद्धतीवर उतरू शकते. सेवेचे नाव चुकीचे नोंदलेले असले तरी लॉगिन होते आणि चूक वर्षानुवर्षे झाकलेली राहते. मायक्रोसॉफ्टने जून २०२४ मध्ये एनटीएलएमला कालबाह्य ठरवल्यामुळे ही झाकलेली चूक कधीतरी उघडी पडणारच आहे. तुमच्या सर्व्हरने एनटीएलएमचे टोकन स्वीकारूच नये, म्हणजे चूक पहिल्याच दिवशी दिसेल.

---

ट्रान्सहार्बर

मी विरुद्ध बाजूने बोलतो, कारण सर्व्हरच्या बाजूचे काम करताना मला याच्या अगदी उलट अनुभव आले आहेत. ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये आमच्या सेवा कंटेनरमध्ये चालतात. तिथे लायब्ररीची आवृत्ती आम्ही ठरवतो, चाचणीत चाललेली नेमकी तीच प्रत प्रत्यक्ष कामावर जाते, आणि बिघाड झाला तर आदली प्रत पाच मिनिटांत परत लावता येते. ऑपरेटिंग सिस्टीमच्या एपीआयबाबत असे करता येत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये डोमेन कंट्रोलरसाठी (अॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या सर्व्हरसाठी) आलेल्या विंडोजच्या सुरक्षा दुरुस्तीने कर्बेरॉसच्या एन्क्रिप्शन प्रकारांची वागणूक बदलली, अनेक ठिकाणी लॉगिन अडले आणि त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टला वेगळी दुरुस्ती काढावी लागली. हा बदल सर्व्हरच्या बाजूचा होता हे मला मान्य आहे. मुद्दा इतकाच की जी वागणूक आपल्या ताब्यात नाही ती एखाद्या मंगळवारी रात्री बदलू शकते.

दुसरी गोष्ट दोष शोधण्याची. एमआयटीच्या लायब्ररीत एक पर्यावरण चल लावला की ती कोणते नाव शोधले, कोणत्या सर्व्हरला विचारले, कोणते तिकीट मिळाले आणि कुठे अडले हे ओळीने लिहून देते. धागाकर्त्यांना नावांचा घोटाळा चार दिवसांनी का होईना सापडला, त्यात या नोंदीचा वाटा असणार. एसएसपीआय बहुतेक वेळा एक त्रुटी क्रमांक हाती ठेवते आणि पुढचे इव्हेंट लॉग आणि नेटवर्क पकडून शोधावे लागते. चार माणसांच्या कंपनीने ही किंमत मोजायला तयार असले पाहिजे.

तिसरे, जावाच्या जगात आम्ही वर्षानुवर्षे जावातच लिहिलेली कर्बेरॉस व्यवस्था वापरली आणि ती सगळीकडे सारखीच चालली. त्यामुळे पोर्टेबल म्हणजे तात्पुरते, असे कोणी समजू नये.

---

घणसोलीकर

सर्व्हरबाबत मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. सर्व्हरवर बसलेला वापरकर्ता नसतो, कोणाचे आधीचे लॉगिन नसते, फक्त सेवेची किल्ली ठेवलेली एक कीटॅब फाइल असते. तिथे ऑपरेटिंग सिस्टीमकडून उसने घेण्यासारखे फारसे काही नाही. क्लायंटवर मात्र माणसाने सकाळी केलेले लॉगिन हीच मुख्य ठेव आहे आणि ती ऑपरेटिंग सिस्टीमकडे आहे. तुम्ही जावाचे उदाहरण दिले म्हणून सांगतो: जेडीके १३ मध्ये विंडोजसाठी एसएसपीआयला जोडणारा पूल घालण्यात आला, आणि तो केवळ क्लायंटच्या बाजूसाठी, यंत्रावर लॉगिन केलेल्या माणसाच्याच ओळखीने चालणारा आहे. पोर्टेबिलिटीचा सर्वाधिक आग्रह धरणाऱ्या जगालाही नेमकी हीच जागा सोडावी लागली.

---

उपवन

मॅक आणि लिनक्सविषयी थोडे सांगतो.

मॅकवरची जीएसएस फ्रेमवर्क हेइमडाल या स्वीडनमध्ये सुरू झालेल्या अंमलबजावणीवर आधारलेली आहे. २०१९ च्या कॅटलिनापासून अॅपलने कर्बेरॉस सिंगल साइन-ऑनचे एक्स्टेन्शनही दिले आहे, आणि व्यवस्थापित मॅकवर तिकीट बहुधा त्याच्याकडूनच येते. सोबत नेलेल्या लायब्ररीला ते सापडेलच याची खात्री देता येत नाही. फ्रेमवर्कला ते सापडते.

लिनक्सवर वाटते तितका एकसारखेपणा नाही. तिकिटांची कॅश कुठे साध्या फाइलमध्ये, कुठे कर्नलच्या कीरिंगमध्ये, तर कुठे एसएसएसडी या लॉगिन सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या केसीएम सेवेत असते. हे यंत्राच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहिलेले असते आणि तुमची लायब्ररी तीच फाइल वाचते. आता ती बिल्ड करताना कीरिंगचा आधार घातलेला नसेल, तर ती कॅशचा प्रकार वाचते, तो तिला समजत नाही आणि ती तिथेच थांबते. त्या यंत्राच्या वितरणकर्त्याने आपली लायब्ररी आणि आपले कॉन्फिगरेशन एकमेकांना जुळवून दिलेले असते. तिसऱ्याने मध्ये आपली प्रत आणली की ती जुळणी मोडते.

याहून वाईट म्हणजे एकाच प्रक्रियेत दोन जीएसएस लायब्ररी येणे. तुमच्या प्रोग्रॅमने एक आणली आणि डेटाबेसच्या ड्रायव्हरने दुसरी, तर दोघींची फंक्शने एकाच नावाची असतात. एकीने बनवलेले हँडल दुसरीच्या हाती पडले की प्रोग्रॅम कोसळतो, आणि तेही कधी कोसळतो तर कधी नाही. असा दोष मी एकदा तीन आठवडे शोधला आहे.

---

कोपरीपूर्व

मी धागाकर्त्यांसारख्याच क्षेत्रात, पण गुणवत्ता विभागात काम करते. माझे दोन प्रश्न आहेत.

पहिला: टीएलएसबाबतही, म्हणजे जोडणी एन्क्रिप्ट करणाऱ्या प्रोटोकॉलबाबतही, तुम्ही हाच नियम लावता का? ओपनएसएसएल या टीएलएस लायब्ररीतला २०१४ सालचा हार्टब्लीड हा दोष आठवत असेल, तर सोबत नेलेल्या लायब्ररीची भीती वाटणे स्वाभाविक आहे.

दुसरा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेला औषधे पाठवणाऱ्या कारखान्यांना तिथल्या औषध प्रशासनाचा भाग ११ हा नियम लागू होतो. बायोमेट्रिक नसलेल्या इलेक्ट्रॉनिक सहीला त्यात किमान दोन घटक लागतात, उदाहरणार्थ ओळख क्रमांक आणि पासवर्ड. सलग कामात पहिल्या सहीला सगळे घटक आणि पुढच्या प्रत्येक सहीला किमान एक. मग सकाळच्या लॉगिनवर चालणारा तुमचा प्रोग्रॅम विश्लेषण अहवालावर सही कशी घेणार? पासवर्ड न विचारता घेतलेली सही कोणताही तपासनीस मान्य करणार नाही.

---

वागळेइस्टेट (धागाकर्ता)

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो.

२०१४ हे वर्ष दोन्ही बाजूंना धडा देऊन गेले. फेब्रुवारीत अॅपलच्या स्वतःच्या टीएलएस कोडमध्ये एक ओळ दोनदा लिहिली गेल्यामुळे सहीची तपासणीच वगळली जात असल्याचे उघड झाले. एप्रिलमध्ये ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड आला. नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टला एसचॅनल या विंडोजच्या टीएलएस कोडमधल्या गंभीर दोषासाठी दुरुस्ती काढावी लागली. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा कोड अधिक निर्दोष असतो, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. मी पाहतो ते असे की दोष सापडल्यावर दुरुस्ती त्या यंत्रापर्यंत किती दिवसांत पोहोचते. आमच्या ग्राहकांच्या यंत्रांवर विंडोजची दुरुस्ती दर महिन्याला त्यांचा माहिती-तंत्रज्ञान विभाग स्वतः लावतो. आमच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती मात्र बदल-नियंत्रणाच्या कागदपत्रांतून जाते, तिची पडताळणी पुन्हा होते, आणि आमच्यापैकी कोणीतरी ठाण्याहून लोकल धरून रबाळ्याला किंवा घणसोलीला जाऊन ती बसवतो. यात कमीत कमी दीड महिना जातो. लायब्ररी आमच्या प्रोग्रॅमच्या पोटात असेल, तर तिच्यातला दोष तेवढे दिवस उघडा राहतो.

टीएलएस आम्ही तूर्त ओपनएसएसएलवरच ठेवणार आहोत, कारण तिथे वापरकर्त्याची कोणतीही ठेव गुंतलेली नाही. पण ही दीड महिन्याची अडचण तिथेही आहे हे मी मान्य करतो. चॅनल बाइंडिंगसाठी, म्हणजे लॉगिन त्याच टीएलएस जोडणीला बांधण्यासाठी, सर्व्हरच्या प्रमाणपत्राचा हॅश ओपनएसएसएलकडून काढून एसएसपीआयला वेगळ्या रचनेत द्यावा लागेल, तेही काम त्यातच आले.

दुसऱ्या प्रश्नाने मात्र मला खरोखर अडवले आहे. आम्ही काढू पाहतो ती पासवर्डची खिडकी सहीसाठी लागणारच असेल, तर काय करावे?

---

घणसोलीकर

लॉगिन आणि सही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहीसाठी पासवर्ड विचारावाच लागेल. तो कोण तपासतो हा खरा प्रश्न आहे.

सर्वांत चुकीचा आणि तरीही वारंवार दिसणारा प्रकार असा की क्लायंटने पासवर्ड घेऊन कर्बेरॉसचे मूळ तिकीट मागावे आणि ते मिळाले की माणूस खरा मानावा. नेटवर्कवर बसलेला कोणीही खोटा केडीसी (तिकिटे देणारा सर्व्हर) होऊन उत्तर देऊ शकतो. टाइप करणारा आणि उत्तर देणारा एकमेकांना सामील असतील, तर कोणताही पासवर्ड बरोबर ठरेल. तिकीट खऱ्या केडीसीचे आहे हे ताडण्यासाठी, ज्याची किल्ली आपल्याकडे आहे अशा सेवेचे तिकीट पुढे मागून ते उघडून पाहावे लागते. एमआयटीच्या लायब्ररीत त्यासाठी स्वतंत्र फंक्शन आहे, पण ते बोलवायला लोक विसरतात. तुमच्या जुन्या खिडकीतली ही तपासणी आवर्जून बघा.

सही सर्व्हरवरच तपासा. क्लायंटने नाव आणि पासवर्ड स्पष्टपणे देऊन तुमच्या सर्व्हरसाठी नवे टोकन तयार करावे आणि सर्व्हरने ते आपल्या कीटॅबने स्वीकारावे. खोट्या केडीसीला सर्व्हरची किल्ली माहीत नसल्यामुळे त्याचे तिकीट तिथेच नाकारले जाते. एसएसपीआयमध्ये क्रेडेन्शियल मिळवताना नाव, डोमेन आणि पासवर्ड देण्याची सोय आहे. जीएसएसमध्येही पासवर्ड देऊन क्रेडेन्शियल घेण्याचे विस्तारित फंक्शन आहे. या वेळी निगोशिएट मागू नका, कर्बेरॉस हेच पॅकेज मागा. वर सांगितलेला सांधा तसाच राहतो, फक्त सुरुवातीच्या फंक्शनला एक ऐच्छिक बाजू मिळते. विंडोजवर पासवर्डची खिडकीही स्वतः काढू नका, सिस्टीमची क्रेडेन्शियल विचारणारी खिडकी वापरा.

उद्या कोणी पासकी किंवा सुरक्षा किल्लीने सही मागितली तर तिथे निवडीचा प्रश्नच उरत नाही: विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून सामान्य प्रोग्रॅमला फिडो किल्लीशी थेट बोलता येत नाही, सिस्टीमच्या वेबऑथन एपीआयमधूनच जावे लागते.

---

ट्रान्सहार्बर

सर्व्हरवर तपासण्याची सूचना मला पटली. क्लायंटबाबतचा माझा आग्रह मी मागे घेतो, पण एक विनंती करतो: एमआयटीची बिल्ड पूर्णपणे टाकून देऊ नका. ग्राहकाकडे दोष शोधताना तिची ती ओळीने लिहिलेली नोंद फार उपयोगी पडेल.

---

वागळेइस्टेट (धागाकर्ता)

ती बिल्ड आम्ही वेगळ्या चाचणी प्रोग्रॅममध्ये ठेवणार आहोत. तो ग्राहकाच्या यंत्रावर बसवला जाणार नाही. आमच्यापैकी जो जाईल त्याच्या लॅपटॉपवर असेल.

या आठवड्यात झालेले काम सांगतो. सांधा तीन फंक्शनांचा झाला आहे. विंडोजची बाजू लिहून झाली आणि क्रेडेन्शियल गार्ड चालू असलेल्या यंत्रावर ती पहिल्याच प्रयत्नात चालली. तिकीट एलएसएकडेच राहिले आणि आमच्या हाती फक्त टोकन आले. मॅक आणि लिनक्सची बाजू सहकाऱ्याने दोन दिवसांत लिहिली आणि त्याचा विरोध आता उरलेला नाही. लिनक्सवर उलट नाव शोधण्याची वागणूक अजून शिल्लक आहे, कारण तिथली लायब्ररी एमआयटीचीच आहे; त्यामुळे बसवणीच्या सूचनांत सर्व्हरच्या दोन्ही दिशांच्या नोंदी तपासण्याचे पान घातले आहे.

जुन्या खिडकीत केडीसीच्या खरेपणाची तपासणी नव्हती. ती खिडकी काल कोडमधून काढली, आणि संबंधित ग्राहकाला हे सगळे लेखी कळवणारे पत्र आज पाठवले आहे. सहीच्या भागाची चाचणी त्यांच्या गुणवत्ता विभागासमोरच घ्यायची असे ठरले आहे. कोपरीपूर्व, पडताळणीच्या कागदपत्रांत दुसऱ्या सहीच्या वेळी फक्त पासवर्ड घेतला तर सत्राची मुदत किती ठेवावी, यावर तुमचे मत हवे आहे.

---

कोपरीपूर्व

नियमात मिनिटांचा आकडा दिलेला नाही, सलग काम असे शब्द आहेत. आमच्याकडे पडदा बंद झाला की सत्र संपले असे मानतो आणि पुढच्या सहीला पुन्हा दोन्ही घटक घेतो. तुमच्या ग्राहकाचे पडद्याचे धोरण आधी मागवून घ्या आणि तेच कागदपत्रांत लिहा.